छत गळतंय तोवर सोफा नको

पत्र असं आहे: “बंद झालेल्या एका कृषी पर्यटन केंद्राकडून बारा फुटी जुना कॅराव्हॅन ट्रेलर ७० हजारांना घेतला. ट्रकवर घालून दिंडोरीजवळच्या आमच्या शेतात आणून उभा केलाय. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा आणि प्लाय. सहा वर्षं जागचा हललेला नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात तळ पायाखाली दबतो, पलंगाच्या वर छताला तपकिरी डाग आहे, टायरना भेगा आहेत, वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. हातात दीड लाख आहेत. एक मिस्त्री म्हणतात, छतावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग मारू, आतून नवा प्लाय-सनमायका, सोफा-कम-बेड, एसी. सव्वा लाखात पावसाआधी चकाचक करून देतो. आत्ता मार्च आहे. काम द्यावं का? आणि २०२७ च्या सिंहस्थात भाड्याने देता येईल का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक.”

काम देऊ नका. मिस्त्री फसवत नसतील, पण त्यांनी ट्रेलरकडे फ्लॅट म्हणून पाहिलंय. फ्लॅट हलत नाही. ट्रेलर प्रत्येक खड्ड्याला पिळवटतो आणि त्याचा प्रत्येक सांधा थोडा थोडा सरकतो. गच्चीचं कोटिंग त्या सरकणाऱ्या सांध्यावर पहिल्याच फेरीत केसाएवढं तडकतं. वरून छान पांढरं दिसतं, भोक मात्र झाकलेलं राहतं. खाली आधीच मुरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद होते. त्यावर आतून नवा प्लाय लावला की दीड-दोन वर्षांत तोच कोपरा पुन्हा दबतो, आणि तेव्हा सनमायकासकट सगळं उखडावं लागतं.

तुमच्या पैशात हा ट्रेलर होऊ शकतो, पण क्रम बदलून: पावसाआधी बाहेरचं आणि खालचं सगळं, आतलं लाकूडकाम पाऊस पडून गेल्यावर. पहिला पावसाळा आतल्या भिंती उघड्या ठेवूनच काढायचा. दिवाळीपर्यंत थांबावं लागेल, त्याला इलाज नाही.

एक प्रश्न आधी सोडवून घ्या: हा ट्रेलर रस्त्यावर जाणार आहे की शेतातच राहणार? ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि स्वतःचं आरसी बुक असतं. ओढणाऱ्या गाडीचं आरसी त्याला चालत नाही. विकणाऱ्याकडून आरसी मिळालं असेल तर त्यावरचा चॅसिस नंबर पुढच्या दांड्यावर कोरलेल्या नंबरशी ताडून बघा. गंज असेल तर घासून, वर खडू फिरवून वाचा. जुळला तर फॉर्म २९ आणि ३० भरून पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलून घ्या. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि प्रत्यक्ष तपासणी लागते. विमा घेताना पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे ना, तेही बघा.

आरसी नसेल किंवा नंबर जुळत नसेल, तर हा ट्रेलर कायमचा शेतातली खोली म्हणून धरा. मग टायर, बेअरिंग, कपलिंग (गाडीच्या हुकला जोडणारं तोंड) यांवरचे तीसेक हजार वाचतात आणि ट्रेलर चार भक्कम टेकूंवर उभा करता येतो. तो रस्त्यावर आणण्याच्या खटपटीत पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीशी विसंगत बदलही परस्पर करता येत नाहीत, म्हणजे लांबी वाढवणं किंवा दुसरा अ‍ॅक्सल घालणं हे विषयच नाहीत. सिंहस्थाचं उत्तरही इथेच आहे. खासगी वापराचा कॅम्पर किंवा ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो, तो भाड्याने फिरवता येत नाही. ते गणित डोक्यातून काढलंत की खर्चही आटोक्यात राहील.

आता पाणी. पलंगावरचा डाग आणि मागच्या कोपऱ्यातला दबणारा तळ ही बहुतेक एकाच पाण्याची दोन टोकं आहेत. छताच्या कडेच्या पट्टीखालून पाणी शिरतं, लाकडी आडव्या पट्टीवरून सरकत कोपऱ्यातल्या उभ्या लाकडापर्यंत जातं, त्यातून खाली उतरतं आणि तळाच्या प्लायच्या कडेला मुरतं. म्हणून डागाच्या बरोबर वर भोक शोधू नका, ते तिथे नसतं.

दोन पिनांचा साधा ओलावा-मापक हजारभर रुपयांत मिळतो. या कामात त्याच्याइतकं पैसे वाचवणारं दुसरं हत्यार नाही. आतल्या भिंतींवर आणि छतावर खडूने फूट-फूट अंतराचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात आकडा लिहा. १५ टक्क्यांपर्यंत चांगलं, १५ ते २० संशयास्पद, २० च्या वर पाणी शिरतंय, ३० च्या आसपास असेल तर लाकूड कुजलंय असंच धरा. जोडीला पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा: निरोगी प्लाय टणक वाजतो, कुजलेला भदभद. या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो पावसाळ्यात पुन्हा लागणार आहे.

मग पाण्याची चाचणी. एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाण्याचा जोर नको, धार हातावर घेऊन पसरेल इतकीच. सुरुवात खालून करायची: आधी खिडक्यांची खालची कड, मग बाजू, मग खिडकीची वरची कड, मग कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या, शेवटी छताची कड आणि छतावरचं झडपेचं भोक. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. मोठी गळती अशी सापडते. बारीक गळतीसाठी उलटी युक्ती आहे: दार-खिडक्या टेपने बंद करा, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून हवा आत ढकलणारा पंखा किंवा ब्लोअर बसवा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे आले तिथे खडूची खूण.

सापडलेल्या भोकावर वरून सीलंट चोपडू नका, पट्टी काढा. छताच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत प्लॅस्टिकची किंवा रबराची दोरीसारखी पट्टी दाबलेली असते. तिचं एक टोक पेचकसाने उचकटून ओढलं की खाली स्क्रूंची रांग दिसते. लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात, त्यामुळे निम्म्या स्क्रूंची डोकी तुटतील. ते ३ मिमीच्या ड्रिलने काढा. आतला जुना मसाला खडूसारखा वाळलेला असेल. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, मग मिनरल टर्पेंटाइनने पुसा आणि शेवटी आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्र्यावर लोखंडी पाते चालवू नका, ओरखड्यातून पुढची गळती सुरू होते.

पट्टीखाली लावायची ती ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ रबराची चिकट पट्टी, साधारण २० मिमी रुंद आणि २-३ मिमी जाड. ती कधी वाळून कडक होत नाही, सांधा हलला तरी सोबत ताणली जाते. पट्टी बसवताना ३०४ स्टेनलेसचे स्क्रू वापरा. सगळे अर्धवट आवळून मग एकापाठोपाठ एक पूर्ण आवळा. टेप दोन्ही कडांनी सारखी बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऊन खाऊन ती बसते, तेव्हा पुन्हा एकदा आवळून जादा टेप प्लॅस्टिकने कापा. एप्रिलच्या दुपारी हे काम काढू नका. तापलेल्या पत्र्यावर टेप च्युइंगगमसारखी तारा सोडते. सकाळी सहा ते नऊ हीच वेळ.

तुमच्या मापाचा हिशेब असा. छताची कड १२ फूट गुणिले साडेसहा फूट धरली तर परीघ ३७ फूट, म्हणजे सव्वाअकरा मीटर. चार कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या सव्वासात मीटर. तीन खिडक्या मिळून तेवढ्याच. दाराची चौकट आणि छताची झडप धरून आणखी साडेसहा. एकूण ३२, तुटफुट धरून ४० मीटर टेप आणा. पट्टीच्या वरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची ओळ द्यायची, सिकाफ्लेक्स २२१ किंवा त्याच जातीचं दुसरं. ३०० मिलीच्या एका नळीत ६ मिमी जाडीची ओळ साधारण १० मीटर जाते. छताची कड आणि झडप यांना दोन नळ्या पुरतात, तीन आणा. नळी एकदा फोडली की उरलेलं पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

सिलिकॉन मात्र दुकानदाराने फुकट दिलं तरी लावू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि ॲल्युमिनियम खातं. त्याहून वाईट म्हणजे एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर रंग, टेप, दुसरं सीलंट काहीच धरत नाही. आधीच्या मालकाने ते लावलंच असेल (लावलेलं असतंच), तर तेवढा भाग कोरडाच खरवडून, मग आयपीएने दोनदा पुसून घ्या.

हे सगळं उघडं असताना ट्रेलर वाळू द्या. मार्च-एप्रिलची नाशिकची कोरडी हवा इथे तुमच्या बाजूने आहे. कुजलेल्या भागावरचा आतला प्लाय काढून तीन-चार आठवडे पंखा लावून ठेवा, आकडे १५ च्या खाली येईपर्यंत. वर ताडपत्री गुंडाळू नका. तिच्या आत रात्री दव धरतं आणि वाऱ्याने ती पत्र्यावर घासते. बागेतले जुने अँगल, बांबू आणि टाकून दिलेला प्लॅस्टिक कागद यांचा उताराचा मांडव घाला, ट्रेलरच्या छतापासून दोन फूट वर. दिंडोरीत हे सामान शेजाऱ्याकडे पडलेलंच असेल.

तळाचं काम वाळल्यावर. दबणारा प्लाय फक्त दबतो तेवढाच कापून ठिगळ लावू नका. कूज दिसते त्यापलीकडे किमान १५ सेंटिमीटर जाऊन, खाली जो आडवा आधार आहे त्याच्या मध्यावर कापा, म्हणजे नव्या आणि जुन्या दोन्ही कडांना टेकू मिळतो. नवा प्लाय १२ मिमीचा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन. आयएस ३०३ चा प्लाय स्वस्त पडतो, पण तो घरातल्या कपाटाला. तळाला सतत खालून ओल लागते. पूर्ण तळ बदलायचा झाला तर ७८ चौरस फूट, म्हणजे ८ बाय ४ चे तीन तुकडे. “१८ मिमी टाका, मजबूत होईल” असं सगळेच सांगतील. एका तुकड्यामागे १२-१३ किलो वाढतात, तिघांचे मिळून जवळजवळ ४०. मजबुती जाडीतून आणण्यापेक्षा खालच्या आधारांतून आणा: दोन आधारांमध्ये ४०० मिमीपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये एक टाका.

प्लायची सर्वांत कच्ची जागा म्हणजे त्याची कापलेली कड. चारही कडांना आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकात इपॉक्सी किंवा पीयू सीलरचे दोन हात द्या, खालच्या बाजूलाही. जुन्या लाकडात स्क्रू नुसता फिरत असेल आणि धरत नसेल तर तिथे मोठा स्क्रू घालू नका, ते लाकूड गेलेलं आहे, तेवढा तुकडा बदला. उरलेल्या सांगाड्याला बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारून घ्या, कुजीला आणि वाळवीला दोघांना ते चालतं. सहा वर्षं मातीवर उभ्या ट्रेलरला वाळवी नसेल तर नशीब समजा.

तळ उघडा आहे तोवरच चॅसिस बघून घ्या. हातोडी आणि छिन्नी घेऊन दर सहा इंचांवर ठोका: खणखणीत आवाज आला तर नुसती वरची गंज, छिन्नी आत गेली तर तो भाग कापून वेल्डिंग. पुढचा त्रिकोणी दांडा आणि पाट्यांचे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) कान इथे ठिगळ चालणार नाही, ५ मिमीची नवी प्लेट लागेल. सातपूर-अंबडमध्ये फॅब्रिकेटर शेकडो आहेत, पण ज्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या किंवा टेम्पोच्या बॉड्या बांधल्यात तोच निवडा, गेट-ग्रिलवाला नको. वेल्डिंगच्या जागेपासून दोन फुटांत थर्माकोल किंवा सुकं लाकूड राहू देऊ नका, बॅटरी सोडवा, पाण्याची बादली आणि माणूस जवळ ठेवा. चॅसिसला जस्ताचा मुलामा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तो घासून काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मग रेड ऑक्साइड, त्यावर दोन हात इनॅमल. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र रेड ऑक्साइड चालत नाही, तिथे एच (etch) प्रायमर, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

रस्त्यावर जायचं असेल तर पुढचं वाचा, नसेल तर विजेकडे जा.

टायर बदलाच. भेगा नसत्या तरी बदलायचे होते. बाजूला डीओटी अक्षरांनंतर चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांवरचा टायर नक्षी कितीही भरलेली असली तरी ट्रेलरला नको, कारण एका जागी उभा राहून तो आतून कुजतो आणि फुटतो तो भर वेगात. भरलेला ट्रेलर ८५० किलो धरला तर प्रत्येक चाकावर चारशेच्या आसपास भार येतो. लोड इंडेक्स ८६ (५३० किलो) किंवा त्याहून वरचा घ्या. रिमोल्ड नको. स्टेपनी तिसरी घ्या, दोन टायरांवर प्रवास नको.

बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवा. रुळांवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग आणि बाहेरची कडी जोडीनेच बदला. ऑइल सील प्रत्येक वेळी नवीनच. ग्रीस ईपी-२, तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरून नुसतं लावलेलं ग्रीस रुळांपर्यंत पोचत नाही. बसवताना चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा, मग पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा फेरा मागे घेऊन पुढच्या खाचेत नवी कॉटर पिन घाला. हात वर-खाली धरून चाक हलवल्यावर किंचित जाणवेल इतकाच खेळ राहिला पाहिजे. नट करकचून ठेवला तर बेअरिंग पहिल्या तासात जळतं. इथे घट्ट म्हणजे चांगलं असं नाही. पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ पाट्यांचं काम करणाऱ्यांना दाखवा, दोन तासांचं काम आहे.

कपलिंग ५० मिमीच्या बॉलवर बसवून वर-खाली हलवा. खडखडलं तर बदला. दोन सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून अडकवा, म्हणजे कपलिंग सुटलं तर दांडा त्या झोळीत पडतो आणि जमिनीत घुसत नाही. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला युरोपात ७५० किलोची मर्यादा आहे, आणि त्यामागचं कारण आपल्याकडच्या घाटालाही लागू पडतं. तुमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलरच्या धक्क्याने आपोआप लागणारा) असेल तर तो दुरुस्त करा. नसेल तर भरलेला ट्रेलर घेऊन कसारा किंवा सापुताऱ्याचा घाट उतरू नका. आणि गाडीचं मॅन्युअल उघडा. ओढण्याची क्षमता दिलेली नसेल किंवा “ट्रेलर लावू नये” असं लिहिलं असेल तर तेच शेवटचं उत्तर. क्षमता दिलेली असली तरी नवख्या माणसाने भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवावा.

वीज. कुरतडलेलं वायरिंग जोडत बसू नका, सगळं ओढून काढा. गरज मोजा: पाच वॉटचे चार एलईडी पाच तास म्हणजे १०० वॉट-तास, १२ व्होल्टचा १५ वॉटचा पंखा आठ तास म्हणजे १२०, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून ४०. रात्रीचे २६० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची असते, तरी ६०० मिळतात, दोन रात्री निघतात. १६० वॉटचं सोलर पॅनेल उन्हाळ्यात हे एका दिवसात भरून काढतं, आषाढात विसरा. ट्युब्युलर बॅटरी उभीच, पक्की बांधून, बाहेर झडप असलेल्या पेटीत ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तेव्हा पलंगाखाली तर नकोच.

वायर मल्टिस्ट्रँड तांब्याची. घरातली एकतारी वायर हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. १० अँपिअर पाच मीटरवर न्यायचे असतील तर २.५ चौमिमीच्या वायरीत जाता-येता ०.७ व्होल्ट खाल्ले जातात, पंखा मंदावतो. ४ चौमिमीत ०.४४ व्होल्टच जातात. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. शॉर्ट झालं तर फ्यूजच्या अलीकडची वायर पेटते, म्हणून ती जितकी आखूड तितकं बरं. बाहेरून २३० व्होल्ट घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), एमसीबी आणि पत्र्याला अर्थिंग हे तिन्ही हवेत. शेतातल्या मोटारीच्या पेटीतून दोन वायरी ओढून ट्रेलरला लावायची सवय सगळीकडे आहे. तिथे अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि ओल्या मातीत अनवाणी उभ्या माणसाला ॲल्युमिनियमची अख्खी खोली शॉक देते.

एसीचं एवढंच: एक टनाचा एसी हजार-अकराशे वॉट खातो, रात्रीच्या सहा तासांत सहा हजारांवर वॉट-तास. तुमच्या बॅटरीत सहाशे आहेत. छताला पांढरा रंग आणि झडपेत १२ व्होल्टचा एक्झॉस्ट लावा. दिंडोरीच्या शेतात एप्रिलचीही रात्र त्यावर निघते.

गॅस आत बसवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो आणि बारा फुटांच्या खोलीत त्याला जायला वाट नसते. पाच किलोचा सिलिंडर आणि एक बर्नर बाहेर, ओट्यासारख्या पाडता येणाऱ्या फळीवर. पैसेही वाचतात, भाजीचा वासही आत राहत नाही.

दीड लाखाची वाटणी साधारण अशी: छत, टेप, सीलंट, स्क्रू, झडप १४ हजार, तळ आणि सांगाड्याचं लाकूड २२, चॅसिसचं वेल्डिंग आणि रंग १५, टायर, बेअरिंग, पाटे २२, कपलिंग, चेन, मागचे दिवे ८, वीज २८, बाहेरचा रंग ८, आतलं काम १०. हे झाले १ लाख २७ हजार. उरलेल्या २३ हजारांना तळ उघडेपर्यंत हात लावू नका, कारण खाली काय निघेल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. आरटीओचा आणि विम्याचा खर्च यात नाही.

आतल्या कामाला दहाच हजार बघून दचकाल. पण तिथे १८ मिमीचा प्लाय आणि सनमायका नकोच आहे. ८ बाय ४ च्या एका तुकड्यामागे चाळीस किलो होतात. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा सांगाडा, त्यावर ९ मिमीचा प्लाय, भिंतींना ४ मिमी. पलंग फळ्यांचा, फळ्यांत दोन बोटं फट. सलग प्लायवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी धरते. भिंतीत इन्सुलेशन घालणार असाल तर २५ मिमीचं एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम) घ्या आणि ते फेविकॉल एसआर-९९८ ने चिकटवू नका, त्यातलं द्रावण फोमच खाऊन टाकतं. सोफा-कम-बेड राहू द्या.

रस्त्यावर जायचं असेल तर बाहेरचं काम संपलं की ट्रेलर काट्यावर न्या. कांदा-द्राक्षांच्या मुलखात वजनकाटा शोधावा लागत नाही. रिकामा एकदा, सामान भरून एकदा. मग घरी कपलिंगखाली बाथरूममधला वजनकाटा आणि वर लाकडाचा ठोकळा ठेवून पुढच्या टोकाचं वजन घ्या, ट्रेलर समतल ठेवून. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के हवं, ८५० किलोला ६० ते ८५. कमी असेल तर साठच्या वेगाला ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो आणि गाडी ओढून नेतो. जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि स्टिअरिंग हलकं होतं. बॅटरी आणि पाण्याचे जार अ‍ॅक्सलच्या जवळ ठेवूनच हा आकडा जुळवा. पहिली फेरी दिंडोरी रस्त्यावर, पहाटे, चाळीसच्या वेगाने. वीस किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना (चाकांच्या मधल्या भागांना) हात लावा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नट सैल करावा लागेल. पन्नास किलोमीटरला चाकाचे नट पुन्हा आवळा.

जूनमध्ये मांडव काढून टाका आणि ट्रेलर पावसात उभा करा, पुढचा भाग दोन-तीन इंच उंच, म्हणजे छतावरचं पाणी मागे ओघळून जाईल. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी मापक घेऊन आत जा आणि फोटोतल्या त्याच चौकोनांत आकडे घ्या. मग जुलैच्या झडीनंतर एकदा, आणि गणपतीच्या सुमाराला एकदा. कुठे २० च्या वर गेला तर त्याच्या वरची पट्टी पुन्हा उघडून टेप बदला. भिंती अजून उघड्या असल्यामुळे ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिन्ही वेळा आकडे १५ च्या आत राहिले, की सुताराला बोलवा.